व्हिटनीची लॉटरी हुकली, तर वाट बदला

तुमचा प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले चौघे जण, सगळ्यांची सह्याद्रीतली बरीच वर्षं पायाखाली, गेल्या वर्षी योसेमिटीतला हाफ डोमही झालेला. यंदा सीएरा पर्वतरांगेतल्या माउंट व्हिटनी या शिखराचा बेत होता, पण परमिटच्या लॉटरीत नंबर लागला नाही. रजा लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या आठवड्याची, सहा दिवस. आता रोज साइटवर जाऊन रद्द झालेलं एक दिवसाचं परमिट शोधत बसायचं, कोणीतरी सुचवलेल्या माउंटनियर्स रूटने जायचं, की दुसऱ्या एखाद्या ट्रेलहेडवरून, म्हणजे वाट जिथून सुरू होते अशा दुसऱ्या जागेवरून, लांबून शिखर गाठायचं?

माझं उत्तर आधीच सांगतो: लांबून जा. दक्षिणेकडच्या हॉर्सशू मेडोवरून निघा, पश्चिमेकडून शिखरावर चढा आणि पूर्वेला व्हिटनी पोर्टल या मुख्य ट्रेलहेडला उतरा. तुमच्याकडे सहा दिवस आहेत, त्यामुळे लॉटरी लागली असती तरी मी हेच सुचवलं असतं. आता कारणं.

बहुतेक जण व्हिटनीच्या परमिटकडे शिखराचं तिकीट म्हणून बघतात, आणि गडबड तिथेच सुरू होते. परमिट शिखराचं नसतं. ते कुठून आत शिरणार आणि कोणत्या तारखेला शिरणार याचं असतं. कोटा ट्रेलहेडवर मोजतात. शिखरावर त्या दिवशी किती माणसं उभी आहेत हे कोणी मोजत नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जाता येतं, खिरेश्वरहून टोलार खिंडीने जाता येतं आणि जिगर असेल तर बेलपाड्याहून नळीच्या वाटेनेही. माथा एकच, पण प्रत्येक वाटेची मागणी निराळी. व्हिटनीचंही तसंच आहे. इथे फक्त प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक वेगळी खिडकी आहे आणि प्रत्येक खिडकीसमोरची रांग वेगळी. तुम्ही सर्वांत लांब रांगेत उभे होतात, इतकंच.

ती रांग म्हणजे व्हिटनी पोर्टलहून जाणारी मुख्य वाट. 1 मे ते 1 नोव्हेंबर या काळात तिथून दिवसाला 100 जणांना एक दिवसाचं आणि 60 जणांना मुक्कामाचं परमिट मिळतं. त्यासाठी 1 फेब्रुवारी ते 1 मार्च या मुदतीत रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या साइटवर लॉटरीचा अर्ज भरायचा, 15 मार्चला निकाल लागतो, नंबर लागलेल्यांनी 21 एप्रिलपर्यंत तारीख पक्की करून पैसे भरायचे आणि जे उरेल ते 22 एप्रिलला सकाळी 7 वाजता, पॅसिफिक वेळेप्रमाणे, सगळ्यांसाठी खुलं होतं. त्यानंतर लोक बेत रद्द करत जातात तशी परमिटं साइटवर परत येतात. म्हणजे तुमचा पहिला पर्याय अगदीच भाबडा नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसाची एक-दोन परमिटं लक्ष ठेवणाऱ्याला मिळतात. पण चार जणांना एकत्र, लेबर डेच्या आठवड्यात, तेही मुक्कामाचं, यावर सहा दिवसांची रजा टांगून ठेवू नका. फार तर एक दिवसाची चार हाती लागतील.

आणि एक दिवसात व्हिटनी करू नका असं मी तुम्हाला स्पष्टच सांगेन. जाऊन-येऊन 22 मैल आणि सुमारे 6,100 फूट चढ. चालण्याचा दम तुमच्यात आहे यात मला शंका नाही. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या माणसाला 22 मैलांचं काय? अडचण उंचीची आहे. हाफ डोमचा माथा सुमारे 8,800 फुटांवर. व्हिटनी पोर्टलला जिथे गाडी लावतात ती जागाच 8,374 फुटांवर आहे. म्हणजे तुमचा आजवरचा अमेरिकेतला सर्वोच्च अनुभव जिथे संपतो, साधारण तिथेच व्हिटनीचं पार्किंग सुरू होतं. तिथून वर 14,505 फूट, म्हणजे 4,421 मीटर. कळसुबाई 1,646 मीटर. सह्याद्रीने तुम्हाला पाय दिले, छाती दिली, दृष्टिभय घालवलं, पण विरळ हवेत शरीर कसं वागतं हे शिकवलेलं नाही. शिकवणं त्याला शक्यच नव्हतं.

उंचीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ट्रेलहेड निवडायचा तो याच हिशोबावर. गिर्यारोहणातला रूढ संकेत असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. आता मुख्य वाट बघा. पोर्टलला पहिली रात्र काढली तर 2,550 मीटर. दुसरी रात्र बहुतेकांची ट्रेल कॅम्पवर, 12,040 फूट, म्हणजे जवळपास 3,670 मीटर. एका रात्रीत 1,100 मीटरची उडी. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून शिखर. ट्रेल कॅम्पवर संध्याकाळी सहा वाजता फेरी मारली तर प्रत्येक तिसऱ्या तंबूत कोणीतरी डोकं धरून बसलेलं दिसतं. अन्नावरची वासना गेलेली, मळमळ, झोप नाही. मग पहाटे तीनला 99 वळणांची ती प्रसिद्ध चढण. लोक करतात, खूप लोक करतात. पण त्यांतल्या अनेकांना शिखराच्या आठवणीत डोकेदुखीच जास्त असते.

ट्रेल कॅम्पच्या अलीकडे आउटपोस्ट कॅम्प आहे, 10,360 फुटांवर. मुक्कामाचं परमिट असेल तर मी तिथे थांबायला सांगतो, पण मग शिखराचा दिवस लांबतो. काहीतरी सोडावंच लागतं.

आता हॉर्सशू मेडो. लोन पाइन गावातून व्हिटनी पोर्टलच्या रस्त्याला लागायचं आणि तीनेक मैलांवर डावीकडे वळायचं. तिथून घाटरस्ता सुमारे 20 मैलांत तुम्हाला 10,000 फुटांवर, 3,050 मीटरवर, नेऊन सोडतो. वरच एका रात्रीपुरती उतरायची साधी कॅम्पग्राउंड आहेत, आधी येईल त्याला जागा. पहिली रात्र तिथेच काढा. लोन पाइनच्या मोटेलमध्ये झोपणं सुखाचं असलं तरी ते गाव 3,700 फुटांवर आहे. तिथे झोपून शरीराला काहीच सराव होत नाही. हॉर्सशू मेडोच्या पहिल्या रात्रीही एखाद्याचं डोकं जड होईल, कारण समुद्रसपाटीवरून तुम्ही थेट तिथे पोचलेले असता. म्हणूनच दुसऱ्या दिवशीचं चालणं छोटं ठेवायचं.

इथून दोन ट्रेलहेड निघतात आणि त्यांची परमिटं वेगवेगळी असतात, हे लक्षात घ्या. एक कॉटनवुड पास, दुसरा कॉटनवुड लेक्स. पार्किंगमध्ये अंतर थोडंच, पण साइटवर निवडताना गल्लत करू नका. कॉटनवुड पासची वाट सौम्य आहे. चार मैलांत 11,200 फुटांची खिंड आणि पुढे पाऊण मैलावर चिकन स्प्रिंग लेक. कॉटनवुड लेक्सची वाट तळ्यातळ्यांनी जाते आणि 12,300 फुटांच्या न्यू आर्मी पासवरून पलीकडे उतरते. देखणेपणात दुसरीच सरस. पण न्यू आर्मी पासच्या कड्यावर बर्फाची कोर उशिरापर्यंत टिकते. मोठ्या हिमवर्षावाच्या साली जुलैतही ती सोपी नसते. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी जाताय, तेव्हा दोन्ही चालतील. मी तरी तुम्हाला कॉटनवुड पास सांगेन, कारण पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली सॅक घेऊन 12,300 फूट चढायचं कारण नाही.

दिवसांची वाटणी मी अशी करेन. चालण्याच्या पहिल्या दिवशी चिकन स्प्रिंग लेकपर्यंत, जेमतेम पाच मैल, मुक्काम 3,430 मीटरवर. दुपारीच पोचाल. झोपून राहू नका, आसपास हिंडा, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलने रॉक क्रीकपर्यंत, नऊ-दहा मैल. हा टप्पा मोकळा, वाळूचा आणि जवळजवळ कोरडा आहे. चिकन स्प्रिंग लेकला बाटल्या काठोकाठ भरून घ्या. रॉक क्रीक खाली आहे, 2,900 मीटरच्या आसपास, झाडीत. रात्री तिथे छान झोप लागते आणि शरीराला जी सवलत हवी असते ती मिळते. तिसरा दिवस मोठा: गियो पासचा चढ, मग उतरून क्रॅबट्री मेडो आणि तिथून गिटार लेक, एकूण अकरा-बारा मैल. गिटार लेक 11,500 फुटांवर. थकलात तर क्रॅबट्रीलाच थांबा, चौथ्या दिवशी निवांत चार मैल चालून गिटार लेक गाठा. तुमच्याकडे सहा दिवस आहेत ते याचसाठी. वाटेतल्या टिंबरलाइन लेकवर मुक्कामाला बंदी आहे, तिथे तंबू टाकायचा मोह आवरा.

गिटार लेकहून शिखर साधारण पाच मैल आणि 3,000 फूट. पहाटे दोन-अडीचला निघालात तर सूर्योदय वाटेतच होईल. पश्चिमेच्या बाजूने चढताना ऊन उशिरा लागतं, बोटं गारठतात. ऑगस्ट असला तरी हातमोजे हवेतच. वर 13,480 फुटांवर तुमची ही वाट, म्हणजे जॉन म्यूर ट्रेल, पोर्टलच्या वाटेला मिळते. तिथे सगळे मोठ्या सॅका ठेवून पाणी, खाणं आणि गरम कपडे घेऊन शिखराकडे जातात, अंतर 1.9 मैल. सॅकमध्ये काही खायचं ठेवू नका. मार्मोट नावाचा गुबगुबीत प्राणी तिथे ठाण मांडून असतो आणि चेन उघडण्यापेक्षा कापड कुरतडणं त्याला सोपं वाटतं. शिखरावरून परत याच नाक्यावर, मग थोडं चढून ट्रेल क्रेस्ट आणि पलीकडे 99 वळणं उतरून ट्रेल कॅम्प. शिखरापासून पोर्टल 11 मैल आणि सहा हजारांहून जास्त फूट उतार. एका दिवसात उतरता येतं. गुडघे चाळिशीतले असतील तर आउटपोस्टला एक रात्र काढा.

सगळं मिळून सुमारे 40 मैल. पाच दिवसांत निवांत बसतं, सहावा दिवस हवामानासाठी हाताशी राहतो.

परमिटचं म्हणाल तर इथे लॉटरी नाही. पूर्वेकडचा हा भाग ज्यात येतो त्या इन्यो नॅशनल फॉरेस्टच्या इतर ट्रेलहेडांचा 60 टक्के कोटा निघायच्या तारखेआधी सहा महिने खुला होतो आणि उरलेला 40 टक्के दोन आठवडे आधी, दोन्ही सकाळी 7 वाजता. तुमच्या तारखांचा पहिला भाग फेब्रुवारीच्या अखेरीस खुला होऊन गेला. तरीही आजच बघा, सोमवार-मंगळवारच्या जागा शिल्लक असू शकतात. नसतील तर ऑगस्टच्या मध्यावर सात वाजायच्या आधीच लॉगिन करून, कार्डाचे तपशील साठवून बसा. एकाने कॉटनवुड पास बघावा, दुसऱ्याने कॉटनवुड लेक्स. निघायची तारीख एक दिवस मागे-पुढे करायची तयारी ठेवा. लेबर डेच्या शुक्रवार-शनिवारी शिरायचा हट्ट मात्र सोडा, ती तारीख सगळ्या कॅलिफोर्नियाला हवी असते.

आराखडा भरताना बाहेर पडण्याची जागा म्हणून व्हिटनी पोर्टल टाका आणि वाटेत माउंट व्हिटनी असल्याचं त्याच वेळी नोंदवा. पूर्वेच्या बाजूचा व्हिटनी झोन वेगळा मानला जातो आणि त्यासाठी माणशी 15 डॉलर शुल्क लागतं. हे नंतर बघू म्हणून सोडलं तर परमिट हातात असून पोर्टलला उतरता येत नाही, अशी फजिती होते. पश्चिमेची बाजू ज्यात येते त्या सेक्वोया नॅशनल पार्कसाठी निराळं परमिट काढावं लागत नाही. सलग प्रवास असेल तर जिथून सुरुवात तिथलं परमिट पुढेही चालतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून आपल्या मंडळींचे बेत हमखास फिसकटतात. परमिट गटप्रमुखाच्या नावावर असतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. पर्यायी प्रमुखाचं नाव आरक्षण करतानाच द्यायचं असतं. उत्साहाने एकजण सगळं भरतो, पर्यायी प्रमुखाची जागा रिकामी ठेवतो, मग त्याचंच ऑफिसचं काम निघतं किंवा व्हिसाचा स्टॅम्प अडकतो आणि तो भारतात. बाकीचे तिघे परमिट असूनही घरी. ज्याची रजा सर्वांत पक्की त्याला प्रमुख करा. बाकीच्यांची नावं पर्यायी म्हणून जरूर घाला.

गाडीचा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. शिरायचं एकीकडे, निघायचं दुसरीकडे. दोन गाड्या नेत असाल तर एक आधी पोर्टलला ठेवा आणि दुसरीतून हॉर्सशू मेडोला चढा. दोन्हीमध्ये तासाभराचा रस्ता. एकच गाडी असेल तर लोन पाइनहून खाजगी शटल मिळतात, आधी ठरवावी लागतात. रस्त्यावर हात दाखवूनही लोक जातात, पण चौघांना एकाच गाडीत जागा कोण देणार? गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवू नका. टूथपेस्ट, सनस्क्रीन, सीटखाली पडलेलं बिस्किटाचं रिकामं पाकीटसुद्धा. पोर्टलची अस्वलं गाडीचं दार सोलून काढतात. तिथे लोखंडी कपाटं दिलेली आहेत, ती वापरा.

गाडीचं झंझट नकोच असेल तर हॉर्सशू मेडोहून जाऊन हॉर्सशू मेडोलाच परत या. पश्चिमेकडून शिखर करून त्याच बाजूने उतरलात तर व्हिटनी झोनच्या शुल्काचाही प्रश्न येत नाही. पण दोन दिवस वाढतात, आणि आलेल्या वाटेने परत जाणं मला तरी जिवावर येतं.

माउंटनियर्स रूटबद्दल. नॉर्थ फोर्क लोन पाइन क्रीकच्या घळीतून जाणारी ही वाट निसर्गलेखक जॉन म्यूरने 1873 च्या ऑक्टोबरमध्ये केली म्हणून तिचं नाव मोठं आहे. अंतर कमी, पण लोअर बॉय स्काउट लेकच्या खालचे कातळाचे अरुंद पट्टे, मग अप्पर बॉय स्काउट लेक, 12,600 फुटांवरचं आइसबर्ग लेक आणि तिथून दगड सुटणारी उभी घळ. मुक्कामाचा कोटा मुख्य वाटेपेक्षाही फार छोटा, म्हणजे परमिटच्या दृष्टीनेही पळवाट नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही नळीची वाट केली आहे. केली असेल. त्या घळीत हात कुठे टाकायचे हे तुम्हाला कळेल यात वाद नाही. पण सरावाशिवाय 13,500 फुटांवर, डोकं ठणकत असताना, उतरताना ती घळ ओळखणं आणि गोठलेल्या तुकड्यावर पाय न टाकणं, ही वेगळी परीक्षा आहे. तिथले अपघात बहुतेक उतरतानाच होतात. आधी एकदा साध्या वाटेने शिखर बघून या.

उत्तरेकडून येणारा ऑनियन व्हॅलीचाही पर्याय आहे. कीअरसार्ज पास, मग 13,200 फुटांचा फॉरेस्टर पास आणि जॉन म्यूर ट्रेलने गिटार लेक. पंचेचाळीस-पन्नास मैल, सीएराचा सर्वांत भव्य तुकडा. पण शिखराआधीच दोन मोठ्या खिंडी आणि सहा दिवसांत हवामानासाठी फट राहत नाही. सात-आठ दिवस मिळाले तर मी यालाच पसंती देईन. सेक्वोयाच्या क्रेसेंट मेडोहून येणारी हाय सीएरा ट्रेल तर आणखी लांब, पोर्टलपर्यंत सत्तरेक मैल, आणि तिथे गाडीचं गणित भयंकर. सीएरा मधून ओलांडणारा रस्ताच त्या पट्ट्यात नाही, त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गाडी आणायला पर्वताला पूर्ण वळसा घालावा लागतो. या खेपेला दोन्ही बाजूला ठेवा.

अस्वलाच्या डब्याबद्दल बोलायलाच हवं. कडक कवचाचा बेअर कॅनिस्टर या भागात सक्तीचा आहे, कापडी पिशव्या चालत नाहीत. चार माणसांना पाच-सहा दिवसांसाठी तीन तरी डबे लागतील. पहिल्या रात्री सगळ्यांचं अन्न डब्यात मावत नाही आणि मग भांडणं होतात. चिवडा हा या डब्याचा शत्रू आहे. वजन नाही पण जागा खातो. कुरमुरे तर घरीच ठेवा. दिंकाचे लाडू, चिक्की, दाण्याचा कूट, मेतकूट, साजूक तूप, गरम पाण्यात होणारे पोहे आणि उपमा, थेपले पहिल्या दोन दिवसांपुरते. उंचीवर तेलकट नकोसं होतं आणि गोड मात्र जातं, त्यामुळे लाडूंची संख्या वाढवा.

आणि दुसरी गोष्ट, ज्याबद्दल कोणी मोकळेपणाने विचारत नाही. व्हिटनीच्या परिसरात शौच पुरायला परवानगी नाही, ते पिशवीत घालून खाली आणावं लागतं. पूर्वेला संपूर्ण व्हिटनी झोनमध्ये आणि पश्चिमेला गिटार लेकच्या खोऱ्यातही. त्यासाठी खास पिशव्या मिळतात. आत पावडर असते, त्यामुळे घट्ट होतं आणि वास दबतो. लोन पाइनच्या दक्षिणेला 395 आणि 136 या रस्त्यांच्या नाक्यावर ईस्टर्न सीएरा व्हिजिटर सेंटर आहे, तिथे विचारा. माणशी दोन घ्या, वर एक जाड झिपची पिशवी. पहिल्यांदा ऐकल्यावर तोंड वाकडं होतं, मग सवय होते. वळणांच्या बाजूला दगडाआड टाकून दिलेल्या अशा पिशव्या दिसल्या की त्या टाकणाऱ्याबद्दल जे वाटतं, ते आपल्याबद्दल कोणाला वाटू नये एवढं बघा.

हवामान. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून विजा कडाडतात. ऑगस्टच्या अखेरीस हे कमी होतं, थांबत नाही. दुपारी बाराच्या आत शिखर सोडायचं, ढग आधीच चढू लागले तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. शिखरावर स्मिथसोनियन संस्थेने 1909 साली बांधलेली दगडी झोपडी आहे. पत्र्याचं छप्पर बघून पावसात आत शिरावंसं वाटतं. शिरू नका. 1990 च्या जुलैमध्ये त्याच झोपडीत आसऱ्याला गेलेल्यांवर वीज पडून एकाचा जीव गेला. रस्त्यांचीही खात्री निघायच्या आठवड्यात करा. 2023 च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाच्या पावसाने या भागातल्या घाटरस्त्यांची वाताहत केली होती. योसेमिटीतून जाणारा टायोगा पास उघडा असेल तर बे एरियाहून तोच रस्ता सोयीचा.

औषधांबाबत: उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, किती, कधीपासून, हे तुमच्या डॉक्टरना विचारा, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून वेगाने चढायचा परवाना मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ असली तर तिथेच थांबा, कमी झाली तर पुढे. चालताना झोक जात असेल, बोलणं विस्कळीत होत असेल, किंवा बसल्याजागी दम लागून खोकला येत असेल, तर त्या माणसाला लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. आणि एकट्याला कधीच पाठवायचं नाही. चौघांत हे निघायच्या आधीच ठरवून टाका, कारण वर गेल्यावर ज्याला त्रास होतो तोच सर्वांत जोरात मी ठीक आहे म्हणत असतो. हॉर्सशूच्या वाटेची एक अडचण इथे सांगायला हवी: क्रॅबट्रीच्या आसपास तुम्ही दोन्ही टोकांपासून लांब असता. तिथून लवकर गाडीपाशी पोचता येत नाही. तेव्हा उपग्रहावरून संदेश जाणारं एक यंत्र भाड्याने का होईना, बरोबर असू द्या.

शेवटी, समजा ऑगस्टच्या मध्यावरही काही हाती लागलं नाही. तर माउंट लँगली करा. 14,026 फूट, त्याच कॉटनवुड लेक्सच्या डोक्यावर उभा. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर परमिटच लागत नाही, मुक्काम करायचा तर कॉटनवुड लेक्सचं घ्या. आधी दोन रात्री हॉर्सशू मेडोच्या परिसरात काढा. एक रात्र कॉटनवुड पासच्या कॅम्पग्राउंडवर, दुसरी कॉटनवुड लेक्सच्या, कारण एका जागी एकच रात्र राहता येते. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून लँगली. क्लॅरेन्स किंगसारखा नावाजलेला भूवैज्ञानिक 1871 साली लँगलीवर चढला आणि आपण व्हिटनीच सर केला असं समजून परत गेला. चूक कळून 1873 च्या सप्टेंबरमध्ये तो खऱ्या शिखरावर पोचला, तेव्हा लोन पाइनकडचे तीन मासेमार ऑगस्टमध्येच वर जाऊन आले होते. म्हणजे लँगलीवरून व्हिटनी डोळे भरून बघणाऱ्यांत तुमची संगत चांगली आहे, आणि पुढच्या 1 फेब्रुवारीला अर्ज भरताना तुमच्यापाशी 14,000 फुटांवर आपलं शरीर कसं वागतं याची माहिती असेल.

आज करायचं काम एवढंच: चौघांनी आपापल्या नावाने रिक्रिएशन डॉट गव्हवर खाती उघडा, कॉटनवुड पासच्या 23 ऑगस्टपासूनच्या सगळ्या तारखा बघा आणि चार जागा एकत्र दिसल्या तर एकमेकांना फोन करत न बसता ज्याला दिसल्या त्याने घेऊन टाका. पर्यायी प्रमुखांची नावं त्याच वेळी भरा.